जमिनीवरचे जावई

पवनचक्की हा शब्द त्या गावात आला तेव्हा एकटाच होता. शाळेच्या पुस्तकात गोल झोपडीसारखं एक चित्र असायचं, त्याला चार पंख, आणि खाली तो शब्द. एवढाच त्याचा संसार. मग गावामागच्या टेकड्यांवर कंपनीनं एकेचाळीस पांढरे खांब उभे केले, प्रत्येकाच्या डोक्यावर तीन पाती बसवली, आणि शब्दाला बरे दिवस आले. वर्षभरात तो टेकडीवरून उतरून घराघरांत शिरला. बोलताना हात फिरवणारा माणूस पवनचक्की झाला. गिऱ्हाईक म्हणेल त्याला मान डोलावणारा औषधवाला पवनचक्की झाला, कारण वारा येईल तिकडे त्याचं तोंड. वर्गात सगळ्यांत उंच आणि प्रश्न विचारला की नुसतं उभं राहणारं पोर 'बंद पवनचक्की' झालं. कुणी अचानक नवी गाडी घेतली की शेजारी विचारायचे, "काय, जमिनीत पवनचक्की बसली वाटतं?" फुकट मिळालेली वस्तू माणसं जशी झिजेपर्यंत वापरतात, तसा गावानं हा शब्द वापरला.

या सगळ्यांत फिटरच्या सासूबाईंचा अर्थ निराळा होता. त्यांच्या लेखी पवनचक्की म्हणजे एक खुर्ची. खुर्चीपुढे टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि खुर्चीवर दोन्ही पाय जमिनीला टेकवून बसलेले त्यांचे जावई. बाहेर पाती फिरत असतील तर फिरोत. ती कंपनीची होती, खुर्ची मात्र जावयांची होती.

फिटरला खरं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या चिठ्ठीवर. बाकी सगळीकडे तो फिटर. आईविना वाढलेला, काकांच्या घरी पाय आखडून झोपलेला, तांत्रिक शाळेतून बाहेर पडला तो थेट या गावात नोकरीला आला आणि एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत भाड्यानं राहिला. खाली दुकानात सासूबाई गणवेश बेतायच्या. त्यांची मुलगी पोस्टात काउंटरवर बसायची. फिटरला पत्र लिहायला जगात कुणी नव्हतं, तरी त्या वर्षी त्यानं इतकी तिकिटं विकत घेतली की पोस्टमास्तरांना संशय आला. मुलीला तो आधीच आला होता.

लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा सासूबाईंनी फार काही विचारलं नाही. त्यांचे यजमान वीज कंपनीत लाइनमन होते, आणि मुलगी नऊ वर्षांची असताना खांबावरून पडून गेले होते. त्यांनी टेप गळ्यात टाकलेलीच ठेवून एकच प्रश्न विचारला, "काम वर असतं की खाली?"

"खाली, आई. खुर्चीवर," फिटर म्हणाला.

आणि हे शंभर टक्के खरं होतं. त्या दिवशी तो कंट्रोल रूममध्येच होता, आकडे लिहीत होता, कंटाळून जांभया देत होता. लबाडी अशी काही नव्हतीच. लबाडी झाली ती पुढे, आपोआप, दूध नासतं तशी. लग्नाला सहा आठवडे झाले असतील नसतील, एक माणूस आजारी पडला आणि इंजिनिअर म्हणाला, "कोण वर जाईल?" फिटर म्हणाला, एकदा बघून तर येऊ. खांबाच्या पोटातली उभी शिडी, पावणेतीनशे पायऱ्या, वर पात्यांच्या मागे बसएवढी एक खोली, आणि त्या खोलीच्या छताला एक झाकण. झाकण उघडून त्यानं डोकं बाहेर काढलं. गाव तळहाताएवढं, रस्ता दोरीएवढा, आणि वारा असा की काकांच्या घरातली सगळी वर्षं एका झपाट्यात डोक्यातून निघून गेली. खोली हलकेच झुलत होती. फिटरला कुणी कधी पाळण्यात घातलं असेल तर ते त्याला आठवत नव्हतं. त्याची भरपाई त्या दिवशी झाली. खाली उतरला तो खुर्चीचा राहिलाच नाही.

त्याच संध्याकाळी घरी सांगायला हवं होतं. तो तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, "चक्की म्हणतात ना तिला, मग ती दळते काय?"

"वारा दळते, आई."

"आणि पीठ?"

"ते तारेतून येतं. तुमच्या शिलाई मशीनपर्यंत."

सासूबाई इतक्या खूश होऊन हसल्या की फिटरला वाटलं, उद्या सांगू. तो उद्या अठरा वर्षं उगवला नाही.

एक खोटं सांभाळायला माणसाला बिनपगारी दुसरी नोकरी धरावी लागते. फिटरचा चेहरा उन्हानं रापला, तेव्हा त्याची खुर्ची खिडकीजवळ असल्याचं घरात जाहीर झालं. तळहातांना घट्टे पडले. कंपनीचे कीबोर्ड फार कडक निघाले. गुडघे दुखू लागले. बसून बसून आखडतात. यावर सासूबाईंनी उपाय शोधला. "दिवसभर खुर्चीला चिकटून बसता, शरीराला काही व्यायाम नको?" असं म्हणून त्या त्याला रोज जेवणानंतर अर्धा तास चालायला पिटाळायच्या. दिवसातून दोनदा पावणेतीनशे पायऱ्या चढलेला माणूस रात्री पाय ओढत गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, पानाच्या टपरीमागच्या कट्ट्यावर पंचवीस मिनिटं बसायचा आणि घाम पुसल्यासारखं करत परत यायचा.

बायकोला सगळं ठाऊक होतं. ती चारचौघांत त्याला 'अहो' म्हणायची आणि एकटं गाठून 'तू' म्हणायची, आणि तू म्हणायची तेव्हा विषय बहुधा हाच असायचा. "आज सांग. नाही तर मी सांगते." मग दोघांनाही धीर होत नसे. लेकीलाही ठाऊक होतं. शाळेत 'माझे बाबा' हा निबंध आला तेव्हा तिनं दोन लिहिले, एक बाईंसाठी आणि एक आजीला वाचून दाखवण्यासाठी. आजीच्या निबंधाला आजीकडून जास्त गुण मिळाले. वाणी, पोस्टमास्तर, टेकडीवरचा वॉचमन, सगळं गाव या कटात होतं. गुपित एकाला सांगितलं तर फुटतं. सगळ्या गावाला सांगितलं की बिनघोर राहतं.

फिटरला एकच धाक होता. सासूबाईंना कळलं की त्या म्हणणार, शपथ घ्या, पुन्हा वर जाणार नाही. आणि त्यानं ती घेतली असती. त्या बाईला नाही म्हणणं त्याच्या हातचं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा त्याच्यासाठी ताट झाकून ठेवलं ते त्यांनी. त्याच्या सगळ्या शर्टांची बटणं दुहेरी टाक्यांनी पक्की केली ती त्यांनी. वर जाणं की सासूबाई, असा प्रश्न आला तर तो सासूबाई म्हणाला असता आणि मग उरलेलं आयुष्य खालून टेकडीकडे बघत काढलं असतं. म्हणून तो प्रश्न येऊच नये, यासाठी एवढी सगळी खटपट.

आणि मग सासूबाईंनी उशी शिवली.

जावई अठरा वर्षं एकाच लाकडी खुर्चीवर बसतात, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. गणवेशाचं निळं कापड उरलेलं होतं. त्यांनी त्याची चौकोनी गादीवजा उशी केली, आत कापूस ठासून भरला, चार कोपऱ्यांना खुर्चीच्या पायांना बांधायला नाड्या लावल्या. कुणाला काही न बोलता एका गुरुवारी दुपारी उशी पिशवीत घातली आणि टेकडीकडे जाणाऱ्या बसमध्ये चढल्या. अठरा वर्षांत पहिल्यांदाच.

फिटर तेव्हा नऊ नंबरच्या पवनचक्कीच्या डोक्यावर होता. बरोबरचा जोडीदार तेलाचा फिल्टर आणायला म्हणून खाली उतरून गेला होता. वर एकट्यानं थांबायचं नाही असा नियम आहे, पण नियम करणारे लोक शिडी चढत नाहीत. तेवढ्यात फोन वाजला. गेटवरचा वॉचमन कुजबुजत होता.

"फिटर, सासूबाई आल्यात."

"कुणाच्या?"

"कुणाच्या म्हणजे? तुझ्या! हातात पिशवी आहे. तुझी खुर्ची कुठंय म्हणून विचारतात. मी रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतोय, हळूहळू लिहितोय. लवकर उतर."

फोन तिथंच पाण्याच्या बाटलीशेजारी पडला, बॅग पडली, छताचं झाकण उघडं राहिलं. शिडीवरून तो असा उतरला की त्याचा त्यालाच पत्ता लागला नाही. नऊ नंबर कंट्रोल रूमच्या मागेच होती, हे नशीब. धापा टाकत आत शिरला, कमरेचा आणि खांद्यांचा सेफ्टी बेल्ट ओरबाडून काढून फायलींच्या कपाटामागे कोंबला, हेल्मेट कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि खुर्चीवरच्या ऑपरेटरला म्हणाला, "ऊठ!"

लोक उंटावरून शेळ्या हाकतात. हा ऑपरेटर जमिनीवर बसून एकेचाळीस उंट हाकायचा. पण माणूस हुशार. दारात चपलांचा आवाज ऐकला आणि तो उठून हात बांधून उभा राहिला. "साहेब, सात नंबरचं काय करू?" असंही विचारलं. एवढं कुणी सांगितलं नव्हतं.

सासूबाई आत आल्या. खुर्ची पाहिली, टेबल पाहिलं, कॉम्प्युटर पाहिला. सगळं त्यांच्या मनात होतं तसंच होतं. खिडकी तेवढी खुर्चीपासून लांब होती. त्यांनी फिटरला उठवलं, उशी ठेवली, नाड्या बांधल्या, पुन्हा बसवलं आणि दोन पावलं मागे जाऊन, गिऱ्हाइकाच्या अंगावरचा कोट बघावा तसं बघितलं.

"जरा मागे सरका. हं. आता टेका."

फिटर टेकला. घाम कपाळावरून भुवयांत येत होता.

"एवढा घाम?"

"काम डोक्याचं असतं ना हो, आजी," ऑपरेटर म्हणाला.

सासूबाईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं. चाळीस हिरवे ठिपके होते आणि एक लाल. "हा लाल का?"

"तो नऊ नंबर," फिटर म्हणाला. "दुरुस्तीला बंद आहे. वर... वर माणूस गेलाय."

"बिचारा," सासूबाई म्हणाल्या. त्या क्षणभर त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या. "त्याच्या घरची माणसं कशी राहत असतील हो?"

फिटरनं आशेनं ऑपरेटरकडे बघितलं. त्यानं या वेळी मदत केली नाही, तो एकाएकी रजिस्टर चाळू लागला. अठरा वर्षांची थापांची टोपली त्या एका वाक्यानं डोक्यावर रिकामी झाल्यासारखं फिटरला वाटलं. त्याला फक्त तिथून निघायचं होतं. पाच वाजतच आले होते. त्यानं सासूबाईंना स्कूटरवर मागे बसवलं आणि घर गाठलं. ऑपरेटरचीही पाळी संपली, तो मोटरसायकल घेऊन तालमीला निघून गेला; गेटवरचा वॉचमनही बदलला.

आणि नऊ नंबरच्या खांबात, खाली, फिटरचं कुलूप तसंच राहिलं.

हे कुलूप नीट समजून घ्यायला हवं, कारण या धंद्यात त्याच्याइतकं पवित्र काही नाही. वर चढण्यापूर्वी प्रत्येकानं खालच्या मुख्य स्विचला आपलं लाल कुलूप लावायचं. कुलपाला लटकलेल्या पत्र्यावर त्याचा फोटो असतो. किल्ली खिशात घालून वर जायचं. खाली उतरल्यावर ज्याचं त्यानं काढायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मालक आला तरी नाही. कुलूप आहे तोवर पवनचक्की सुरू होऊ शकत नाही, आणि कुलूप आहे याचा अर्थ माणूस वर आहे. अठरा वर्षांत फिटर काय काय विसरला असेल, बायकोचा वाढदिवससुद्धा एकदा विसरला, पण कुलूप कधी विसरला नव्हता.

सहाच्या सुमाराला नव्या पाळीच्या ऑपरेटरनं नऊ नंबर सुरू करायला घेतली. होईना. फिल्टर घेऊन गेलेल्या जोडीदाराला वाटेत इंजिनिअरनं दुसऱ्याच कामाला जुंपलं होतं, तो आत्ता परतला होता. त्याला बघायला पाठवलं. त्यानं खांबाचं दार उघडलं तर समोर फिटरचा फोटो, लग्नातल्यासारखा दचकलेला. जोडीदारानं वर तोंड करून हाका मारल्या. फोन लावला. फोन वर वाजत होता, खांबाच्या पोटातून बारीकसा ऐकू येत होता, आणि कुणी उचलत नव्हतं.

कंपनीत नुकतेच एक सेफ्टी साहेब आले होते. ते आणि जोडीदार दोघंही चढले. वर बॅग होती. फोन होता. पाण्याची बाटली अर्धी होती. छताचं झाकण सताड उघडं होतं, आणि फिटर नव्हता. साहेबांनी झाकणातून खाली वाकून पाहिलं. खाली उंच गवत, अंधारू लागलेलं. जोडीदार तिथंच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. अर्धा तास आठ माणसांनी काठ्यांनी गवत पालथं घातलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा असा. कळसा त्या वेळी घरी न्हाणीघरात तोंडाला साबण लावत होता.

अशी बातमी घरच्यांना फोनवर द्यायची नाही, समोर जाऊन द्यायची, असाही एक नियम आहे. साहेब तो नियम पाळायला निघाले.

दार सासूबाईंनी उघडलं. बाहेर एक अनोळखी साहेब, टोपी हातात घेतलेले, आणि मागे डोळे सुजलेला जोडीदार.

"आपण त्यांच्या कोण?" साहेबांनी विचारलं.

"सासू."

"बाई, जरा बसून घ्या."

सासूबाईंनी दाराची चौकट धरली. हे वाक्य त्यांनी आयुष्यात एकदा ऐकलं होतं. तेव्हाही सांगणाऱ्यानं टोपी हातात घेतली होती.

"तुमचे जावई वर चढले होते," साहेब म्हणाले. "वर त्यांची बॅग मिळाली, फोन मिळाला. ते मिळत नाहीत. आमची माणसं शोधतायत. धीर धरा."

"वर?" सासूबाई म्हणाल्या. "वर कुठं?"

आता त्यांना ठाऊक होतं की जावई आत आहेत. त्यांनीच पाच मिनिटांपूर्वी त्यांना टॉवेल दिला होता. पण माणसाचं मन असल्या वेळी हिशोबानं चालत नाही. टोपी हातात घेतलेला माणूस दारात उभा राहिला की आतलं माणूस गेलेलं असतं, एवढंच त्यांना माहीत होतं. त्या होत्या तिथं उंबऱ्यावर बसल्या.

तेवढ्यात फिटर खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आला आणि म्हणाला, "कोण आहे, आई?"

जोडीदारानं किंकाळी फोडली आणि धावत जाऊन त्याला मिठी मारली. मिठी मारल्या मारल्या एक थोबाडीतही दिली. "कुलूप!" तो ओरडत होता. "अरे गाढवा, कुलूप!" फिटरनं खिशात हात घातला. किल्ली होती. सेफ्टी साहेबांनी टोपी परत डोक्यावर घातली आणि सगळ्या रागाला एकाच वेळी वाट करून द्यायची म्हटल्यावर कुठून सुरुवात करावी ते न कळून म्हणाले, "उद्या सकाळी नऊ वाजता. ऑफिसात."

ते गेले. सासूबाई उंबऱ्यावरून उठल्या, फिटरजवळ आल्या, त्याचा उजवा हात हातात घेऊन उलटा केला आणि तळहातावरच्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवला. एक एक करून सगळ्यांवरून.

"कीबोर्ड," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

कंपनीनं फिटरला तीन दिवस घरी बसवलं. कुलपाच्या नियमाची पन्नास वेळा नक्कल लिहायला लावली असती तर बरं झालं असतं, कारण घरी बसणं भलतंच महाग पडलं. सासूबाई त्याच्याशी बोलत नव्हत्या. ताट वाढत होत्या, पाणी ठेवत होत्या, पण बोलत होत्या फक्त लेकीशी आणि नातीशी, तेही मोजकं, कारण त्या दोघीही आरोपीच होत्या. वाण्याकडे जाऊन त्यांनी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" वाण्यानं डोळे डाळीच्या पोत्यात घातले. पोस्टमास्तरांनी समोरून येताना पाहिलं आणि रस्ता बदलला. अठरा वर्षं सगळं गाव आपल्याला मूर्ख बनवत होतं, हे त्या बाईला अर्ध्या दिवसात कळून चुकलं. आणि खरं सांगायचं तर गावाला त्यात मजाही येत होती. गावाला लाज वाटायला हवी होती, आणि नंतर ती वाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी फिटरनं मनाचा हिय्या केला. सासूबाई मशीनवर होत्या. तो समोर जमिनीवर बसला.

"आई, मी अर्ज लिहिलाय. उद्यापासून खालचं काम मागितलंय. पुन्हा वर जाणार नाही. तुमची शपथ."

मशीन थांबलं. "मी मागितली शपथ?"

"नाही, पण लग्नाआधी तुम्ही अट..."

"कसली अट?"

"वर की खाली, म्हणून विचारलं होतंत."

"विचारलं होतं! विचारलं म्हणजे अट घातली?" सासूबाईंनी चष्मा काढला. "वर म्हणाला असतात तर काय, मुलगी दिली नसती? तिकिटं घेऊन घेऊन पोरगा कंगाल झाला होता, त्याला नाही म्हणायला मी काय दगड होते?"

फिटर हातातल्या अर्जाची घडी घालू लागला.

"हे बघा," त्या म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज खाली आला. "आमच्या यांना सवय होती. मला काळजी नको म्हणून सांगायचे, आज खालीच काम आहे, तारा ओढायच्यात. त्या दिवशीही तेच सांगून गेले. मी निवांत. शेजारीण आली होती, ती काहीतरी चावट बोलली आणि मी पोट धरून हसत होते. ते पडले तेव्हा मी हसत होते, जावईबापू. वर गेलेत हे माहीत असतं तर जीव खाली-वर करत बसले असते. ते पडायचे थांबले नसते, कळतं मला. पण मी त्यांच्याबरोबर तरी असते."

फिटर रडू लागला होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

"म्हणून मी तुम्हाला विचारलं. मला हो-नाही काही म्हणायचं नव्हतं. मला फक्त खरं माहीत हवं होतं. काळजी करायचा माझा हक्क होता, तो तुम्ही अठरा वर्षं खिशात घालून फिरलात. वर मला उशी शिवायला लावलीत. कोण बसतंय तिच्यावर?"

"ऑपरेटर," फिटर नाक ओढत म्हणाला.

"बसू दे मेल्याला. साहेब म्हणून हाक मारत होता." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "अर्ज फाडा. आणि आवडतं का हो तिथं वर?"

हा प्रश्न त्याला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. तो सांगू लागला आणि सांगता सांगता त्याचे दोन्ही हात असे फिरू लागले की दारातून लेक म्हणाली, "बाबा, पवनचक्की!" सासूबाई हसल्या नाहीत, पण मशीनही त्यांनी बराच वेळ सुरू केलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी फिटर बूट घालून दारात उभा राहिला. जीभ जड झाली होती. लग्नाचं विचारतानाही एवढी झाली नव्हती.

"आई, आज वर जातोय. तेवीस नंबर."

"किती वाजता उतरणार?"

"दोनला."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघून घेतलं.

तेवीस नंबरवर काम साधंच होतं, आठ बोल्ट आवळायचे. सात झाले. आठवा हट्टी निघाला. एरवी फिटर त्याच्याशी चार वाजेपर्यंत भांडत बसला असता; भूक, तहान, घड्याळ, काही लागत नसे त्याला वर. त्यानं मनगटाकडे पाहिलं. पावणेदोन. खाली गावात एक बाई घड्याळाकडे बघते आहे, हे त्याच्या एकदम लक्षात आलं. झाकण उघडं होतं, वारा तोच होता, गाव तळहाताएवढंच होतं. पण त्या तळहातावर आता कुणीतरी होतं. फिटरला अठरा वर्षांत पहिल्यांदा भीती वाटली. पडण्याची नव्हे, त्यांना उंबऱ्यावर बसवण्याची. त्यानं पाना खाली ठेवला. राहिलेला बोल्ट कुठं पळून जात नव्हता.

"काय झालं?" जोडीदारानं विचारलं.

"उतरू या. दोनला उतरतो म्हणून सांगितलंय."

तो सावकाश उतरला. दर पायरीवर पाय नीट ठेवला, हात नीट धरला, हूक एक एक करून सरकवला, नवशिक्यासारखा. वरून जोडीदार ओरडत होता की अरे, गोगलगाय झालास का. खाली पोचून कुलूप काढलं, दोनदा तपासलं, आणि घरी फोन लावला. पहिली घंटा पुरी वाजायच्या आत उचलला गेला.

"उतरलो, आई."

पलीकडे एक लांब श्वास सुटला. मग सासूबाई म्हणाल्या, "दोन वाजून सात मिनिटं झालीत. उद्या वेळ नीट सांगून जा."